वाचक विचारतात : रंग न लावता पेशी पाहणारे फायबर लेसर

नमुन्याला कोणताही रंग न लावता फेम्टोसेकंद फायबर लेसरने सूक्ष्मदर्शन करण्याविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न जोडले आहेत. फायबर लेसर म्हणजे काचेच्या तंतूतच प्रकाश तयार करणारा लेसर, आणि फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षावा भाग. उत्तरांत जिथे 'स्पंद' म्हटले आहे तिथे लेसरची 'पल्स' समजावी.

कोल्हापूरहून एक लॅब टेक्निशियन : हेमॅटॉक्सिलिन-इओसिन हे नेहमीचे रंग लावल्याशिवाय आम्ही स्लाइड पाहतच नाही. रंगच नसेल तर ऊतीत दिसणार काय? आणि साध्या दिव्याला न जमणारे लेसरला कसे जमते?

आधी दुसऱ्या प्रश्नाचे. एरवी रेणू एका वेळी एकच फोटॉन शोषतो. दोन फोटॉन एकाच क्षणी गाठले तर त्यांची ऊर्जा मिळूनही रेणू उत्तेजित होऊ शकतो, हे मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये आपल्या प्रबंधात मांडले होते. पण दोघे एकदम यायचे तर प्रकाशाची प्रचंड दाटी लागते, म्हणून सूक्ष्मदर्शकात ही कल्पना उतरायला १९९० साल उजाडले. कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी ते केले.

दाटी किती, ते हिशेबाने पाहा. नमुन्यावर सरासरी २० मिलिवॉट प्रकाश पडतो आहे आणि सेकंदाला ८ कोटी स्पंद येत आहेत. म्हणजे एका स्पंदाच्या वाट्याला ०.२५ नॅनोजूल. तो स्पंद १०० फेम्टोसेकंदच टिकत असेल, तर त्या क्षणीची शक्ती अडीच किलोवॉट होते. सरासरी पाहिली तर लहानशा टॉर्चइतकी, क्षणापुरती पाहिली तर घरच्या गीझरइतकी, आणि तीही अर्ध्या मायक्रोमीटरच्या ठिपक्यात. ठिपक्याच्या वर आणि खाली दाटी नसल्याने तिथून संदेश येत नाही. त्यामुळे ऊती न कापताच आतला पातळ थर वेगळा दिसतो.

आता काय दिसते ते. पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनचे धागे आणि स्नायूतला मायोसिन हे आलेल्या प्रकाशाची तरंगलांबी नेमकी निम्मी करून परत देतात. याला दुसरा हार्मोनिक म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे 'एसएचजी'च म्हणतात. पेशीच्या ऊर्जाव्यवहारातले एनएडीएच आणि एफएडी हे रेणू स्वतःच चमकतात. चरबीचे थेंब आणि पाण्याला लागून असलेल्या सीमा तिसऱ्या हार्मोनिकमध्ये, म्हणजे एक तृतीयांश तरंगलांबीला, उठून दिसतात. इलॅस्टिन, केराटिन, लायपोफ्युसिन हेही चमकतात, कधी हवे तेव्हा, बहुधा नको तेव्हा.

केंद्रक मात्र चमकत नाही. चमक पेशीद्रवात असल्याने केंद्रक काळ्या भोकासारखे दिसते. हेमॅटॉक्सिलिनच्या निळ्या केंद्रकांना सरावलेल्या डोळ्याला हे उलटे वाचायला शिकावे लागते. शिवाय पेशींच्या थराखालच्या पातळ आधारपटलातले चौथ्या प्रकारचे कोलॅजेन एसएचजी देत नाही. 'कोलॅजेन दिसले नाही' आणि 'कोलॅजेन नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत.

छत्रपती संभाजीनगरहून भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक : टायटॅनियम-सफायर लेसर परवडत नाही. फायबर लेसर घ्यायचा ठरवला, तर १०३०, १५५० आणि ७८० नॅनोमीटर यांतला कोणता?

टायटॅनियम-सफायरची खरी मौज म्हणजे सुमारे ६९० ते १०४० नॅनोमीटरपर्यंत कुठेही लावता येते. फायबर लेसर बहुधा एकाच तरंगलांबीवर चालतो. त्या बदल्यात पाण्याचा चिलर जातो, मोठे ऑप्टिकल टेबल जाते, रोज सकाळी आरसे जुळवत बसणे जाते. म्हणून 'लेसर कोणता' याआधी 'पाहायचे काय' हे ठरवा.

फक्त कोलॅजेन आणि स्नायू पाहायचे असतील तर यटर्बियम मिसळलेल्या फायबरचा १०३० नॅनोमीटर लेसर पुरेसा, आणि सगळ्यांत सुटसुटीत तोच. एसएचजी ५१५ नॅनोमीटरला येतो, तिथे सगळे फोटोमल्टिप्लायर (मंद प्रकाश टिपणारे शोधक) उत्तम चालतात. पण एनएडीएच पाहायचे म्हणून हा लेसर घेतला तर पस्तावाल. दोन फोटॉन मिळून होतात ५१५, आणि एनएडीएचला हवे साधारण ३४० ते ३९०. तीन फोटॉनांनी जमते, पण त्याला स्पंद फार दमदार लागतो. तिसरा हार्मोनिकही ३४३ नॅनोमीटरला, म्हणजे अतिनीलमध्ये पडतो. साध्या काचेचे ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचे भिंग) तो बराचसा गिळते. हवाच असेल तर नमुन्याच्या पलीकडच्या बाजूने, अतिनील जाऊ देणाऱ्या कंडेन्सरने गोळा करा.

एनएडीएच आणि एफएडी हे मुख्य असतील तर अर्बियमचा १५६० नॅनोमीटर प्रकाश स्फटिकातून निम्मा करून मिळणारा ७८० घ्या. एनएडीएच ४६०च्या आसपास, एफएडी ५३०च्या आसपास आणि एसएचजी ३९०ला, असे तीन वेगळे रस्ते पडतात. ३९०साठी डायक्रोइक आरसा (काही रंग परतवणारा, काही जाऊ देणारा) मुद्दाम मागवावा लागतो, नेहमीचा चालत नाही.

सरळ १५५० वापरण्याचा मोह अनेकांना होतो, कारण त्याचा तिसरा हार्मोनिक ५१७ला, अगदी सोयीच्या जागी पडतो. अडचण पाण्याची आहे. या तरंगलांबीला एक सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळजवळ काळा पडदा. पाण्यात बुडणाऱ्या ऑब्जेक्टिव्हखाली २ मिलिमीटर पाणी असले तरी जेमतेम आठवा हिस्सा प्रकाश पलीकडे पोचतो. ऑब्जेक्टिव्हखाली जड पाणी (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेले) भरले तर सुटका होते. पातळ, कोरड्या नमुन्याला अडचण नाही.

एक चौथा मार्गही आहे. यटर्बियमचा स्पंद फोटॉनिक क्रिस्टल फायबरमधून (बारीक छिद्रांची रचना असलेल्या तंतूतून) पाठवून त्याची तरंगलांबी पुढे ढकलायची. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये १११० नॅनोमीटरच्या एकाच प्रकाशाने एफएडी दोन फोटॉनांनी, एनएडीएच तीन फोटॉनांनी, आणि दुसरा-तिसरा हार्मोनिक असे चारही संदेश एकदम घेतले. देखणी पद्धत आहे, पण पहिलाच सूक्ष्मदर्शक बांधणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये.

पुण्याहून एक संशोधक विद्यार्थिनी : आमच्या १०३० नॅनोमीटर लेसरच्या तपशीलपत्रकात ५० फेम्टोसेकंद आहे. शेजारच्या गटाचा १०० फेम्टोसेकंदांचा. नमुन्यावर शक्ती सारखी, ऑब्जेक्टिव्ह सारखे, तरी त्यांचेच चित्र जास्त उजळ. आमचा लेसर खराब आहे का?

लेसर बहुधा ठणठणीत आहे. पत्रकातला आकडा लेसरच्या तोंडाशी मोजलेला असतो आणि तुमचा नमुना तिथून मीटर-दीड मीटर दूर, बऱ्याच काचेपलीकडे आहे. आयसोलेटर, बीम एक्स्पांडर, स्कॅन भिंग, ट्यूब भिंग, ऑब्जेक्टिव्ह या सगळ्यांतून जाताना लाल टोक पुढे निघते, निळे टोक मागे रेंगाळते आणि स्पंद ताणला जातो. स्पंद जितका आखूड तितके त्यात रंग जास्त, आणि तितकाच तो जास्त ताणला जातो.

संपूर्ण मार्गाचे विखुरण, म्हणजे स्पंद ताणण्याचे माप, ४००० फेम्टोसेकंद-वर्ग धरा, अशा मांडणीला हा आकडा अवास्तव नाही. १०० फेम्टोसेकंदांचा स्पंद नमुन्यापाशी सुमारे १५० होतो. तुमचा ५०चा स्पंद होतो सुमारे २२७! दोन फोटॉनांचा संदेश सरासरी शक्तीच्या वर्गाच्या सम आणि स्पंदाच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून शेजाऱ्यांचे चित्र दीडपट उजळ. हिशेब जुळतो.

उपाय म्हणजे स्पंद आधीच उलट्या दिशेने ताणून पाठवणे. बहुतेक फायबर लेसरांत ग्रेटिंगच्या (रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्ट्यांच्या) जोडीचा कॉम्प्रेसर आतच असतो, त्याचे अंतर बाहेरून बदलता येते. रोडामिन बी-चा विरळ थेंब किंवा बटाट्याचा स्टार्च ऑब्जेक्टिव्हखाली ठेवा. शक्ती इतकी कमी करा की फोटोमल्टिप्लायर कमाल मर्यादेच्या एक तृतीयांशावर राहील, नाहीतर संपृक्ततेमुळे शिखर सपाट दिसेल. मग ५०० फेम्टोसेकंद-वर्गाच्या पावलांनी बदलत जा आणि प्रत्येक पावलाला सरासरी उजळपणा लिहा. शिखर ओलांडून पुढे जा, परत या. ऑब्जेक्टिव्ह बदलले की हे पुन्हा करावे लागते. ऑटोकोरिलेटर (स्पंदाची लांबी मोजणारे यंत्र) असेल तर चांगलेच, पण या कामाला नमुनाच सर्वांत खरा मापक.

शिखर सापडूनही अपेक्षेइतके उंच नसेल, किंवा एका बाजूला लंगडे असेल, तर तिसऱ्या क्रमाचे विखुरण उरले आहे. यात एक गोम आहे. काच आणि ग्रेटिंग यांचे दुसऱ्या क्रमाचे परिणाम एकमेकांना खोडतात, तिसऱ्या क्रमाचे मात्र एकमेकांत मिसळून वाढतात. १०० फेम्टोसेकंदांच्या आत हे जाणवायला लागते. म्हणून ज्याला ५०ची खरी गरज नाही त्याने १०० ते १५०चा लेसर घ्यावा. स्वस्त पडतो आणि रागावतही नाही.

आणखी दोन गोष्टी तपासा. फायबर लेसरच्या स्पंदाला कधी कधी रुंद 'पायथा' असतो. शक्तीमापक तोही मोजतो, पण त्यातून संदेश मिळत नाही, नुसती उष्णता मिळते. दुसरे, लेसरपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत साध्या सिंगल-मोड फायबरची तार टाकली असेल तर ती आधी काढा. एक मीटर सिलिका १०३०ला सुमारे १९,००० फेम्टोसेकंद-वर्ग जोडते, १०० फेम्टोसेकंदांचा स्पंद पाचपट लांबतो, शिवाय गाभ्यातल्या दाटीने त्याचा वर्णपटच बिघडतो. तारेनेच न्यायचे तर पोकळ गाभ्याचा फायबर लागतो.

त्याच वाचकाचा पुढचा प्रश्न : स्पंदांची संख्या ८० मेगाहर्ट्झवरून १०वर आणली तर चित्र आठपट उजळेल म्हणतात. खरे का?

सरासरी शक्ती तीच ठेवली तर दोन फोटॉनांसाठी खरे. पण त्यात दोन मेख आहेत. १० मेगाहर्ट्झला १० मिलिवॉट म्हणजे प्रत्येक स्पंद १ नॅनोजूल. जिवंत पेशीवर केंद्रबिंदूपाशी १ ते २ नॅनोजूलच्या पुढे गेलात की इजा सुरू झालीच समजा, आणि इजाही दाटीबरोबर सरळ नाही, झपाट्याने वाढते. दुसरी मेख स्कॅनरची. ८ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८ हजार वेळा डोलणाऱ्या, रेझोनंट आरशावर ५१२ पिक्सेल घेतले तर मधल्या पिक्सेलला १०० नॅनोसेकंदही मिळत नाहीत, आणि १० मेगाहर्ट्झला दोन स्पंदांत १०० नॅनोसेकंदांचे अंतर आहे. काही पिक्सेल रिकामे राहतील आणि चित्रावर लाटा उमटतील. साध्या गॅल्व्होवर, म्हणजे सावकाश फिरणाऱ्या आरशावर, पिक्सेलला २ मायक्रोसेकंद देऊन, १० मेगाहर्ट्झ छान चालते.

नागपूरहून एक जीवशास्त्रज्ञ : पडद्यावर हिरवे दिसते ते एसएचजीच आहे, नुसती ऑटोफ्लुओरेसन्स (ऊतीची स्वतःची चमक) नाही, हे कसे ओळखावे?

आधी लेसरचे शटर बंद करून चित्र घ्या. तरीही काही दिसले तर तो खोलीतला प्रकाश आहे. संगणकाचा पडदा, लेसरच्या डब्यावरचा हिरवा एलईडी, दाराखालची फट, हे सगळे फोटोमल्टिप्लायरला दिसते. ही चाचणी हास्यास्पद वाटते, तरी पहिली तीच करावी.

मग शक्ती दुप्पट करा. उजळपणा चौपट झाला तर दोन फोटॉनांचे काम, आठपट झाला तर तीनांचे. पण चौपट ही खूण एसएचजी आणि दोन-फोटॉन चमक दोघांचीही आहे, म्हणून इथे थांबू नका. फरक वर्णपटात आहे. १०४० नॅनोमीटर, १०० फेम्टोसेकंदांचा स्पंद सुमारे १६ नॅनोमीटर रुंद असतो, त्याचा एसएचजी ५२०भोवती जेमतेम ५ ते ६ नॅनोमीटर. चमक मात्र शे-दीडशे नॅनोमीटर पसरते. ५२०चा १५ नॅनोमीटर रुंदीचा फिल्टर लावून चित्र घ्या, मग त्याच जागेचे ५५० ते ६०० नॅनोमीटरमध्ये घ्या. दोन्हींत सारखेच दिसणारे धागे एसएचजी नव्हेत. शेवटी अर्ध-तरंग पट्टी फिरवून ध्रुवण बदला. समांतर कोलॅजेन उजळते-मावळते, चमक फारशी हलत नाही.

सूक्ष्मदर्शक जुळवायला महागडा प्रमाणित नमुना नको. कच्चा बटाटा कापून सुरीवर आलेला पांढरा चीक स्लाइडवर पसरा. स्टार्चचा प्रत्येक कण एसएचजीत झळाळतो आणि ध्रुवण फिरवले की त्याचे दोन कान फिरतात. बटाटा उकडलेला नको, शिजला की कणांतली स्फटिकरचना मोडते आणि एसएचजी जातो. साबुदाणाही त्याच कारणाने बेभरवशाचा, कारखान्यात तो आधीच अर्धवट भाजलेला असतो. खोल ऊतीसाठी खाटकाकडून बकऱ्याची कंडरा आणा, स्नायूसाठी कोलंबी. कोलंबीच्या मांसात दोन-तीन मायक्रोमीटरवर आडवे पट्टे स्पष्ट दिसले तर तुमची भिंगे नीट जुळली आहेत.

एसएचजी मुख्यतः पुढे, म्हणजे प्रकाशाच्याच दिशेने जातो. पातळ काप असेल तर शोधक खालच्या बाजूला हवा. जाड ऊतीत तो विखरून मागे येतो, म्हणून वरचा शोधक चालतो. पातळ कापावर वरून शोधत बसून 'सिग्नलच नाही' म्हणणे ही नेहमीची चूक.

सोलापूरहून एक त्वचारोगतज्ज्ञ : बायोप्सीचा तुकडा कसा ठेवायचा? फॉर्मॅलिन चालते का?

कोलॅजेनसाठी चालते, एनएडीएचसाठी नाही. फॉर्मॅलिन स्वतःची हिरवट चमक आणते आणि पेशी मेल्यावर एनएडीएच-एफएडीच्या प्रमाणाला काही अर्थ उरत नाही. ते हवे असेल तर ताजा तुकडा बर्फावरच्या पीबीएसमध्ये (क्षारयुक्त बफर द्रावणात) आणून लगेच पाहा, गोठवू नका. एक-दोन मिलिमीटरचा काप, वर ०.१७ मिलिमीटरची कव्हरस्लिप, बाजूला १ टक्का अ‍ॅगरोज म्हणजे हलणार नाही. कव्हरस्लिप दाबली तर कोलॅजेनची नैसर्गिक नागमोड सपाट होते आणि तिचे मोजमाप निरर्थक ठरते.

पॅराफिनमधल्या ब्लॉकचा रंग न लावलेला शेजारचा काप मागा. इओसिनची शोषणपट्टी ५१५ ते ५२५च्या आसपास, म्हणजे १०३० नॅनोमीटरच्या दोन फोटॉनांना अगदी हव्या त्या जागी. रंगवलेली स्लाइड ठेवलीत तर इओसिन सगळे चित्र व्यापून टाकेल.

आपल्याकडच्या त्वचेत मेलॅनिन भरपूर, आणि ते प्रकाश शोषून तापते. गोऱ्या त्वचेवरच्या लेखातला ३० मिलिवॉटचा आकडा उचलून लावू नका. ३ ते ५ मिलिवॉटपासून सुरू करा, एकेक पायरी वर जा. अचानक उठलेला बुडबुडा, किंवा प्रत्येक फेरीत वाढत जाणारा पांढरा ठिपका, म्हणजे तिथे भाजले. केसाच्या मुळापाशी आणि रक्त साठलेल्या जागी हे आधी होते. शक्ती ऑब्जेक्टिव्हनंतर मोजा. दृश्य प्रकाशासाठी बनवलेली ऑब्जेक्टिव्ह १०३०ला बरीच शक्ती वाटेतच खातात, त्यामुळे लेसरच्या पडद्यावरचा आकडा इथे कामाचा नाही.

मुंबईहून एक इंजिनिअर : याच लेसरवर रामन चित्रण होईल का?

एकट्या लेसरवर नाही. रेणूंच्या कंपनांवरून त्यांना ओळखणाऱ्या उत्तेजित रामन पद्धतीला वेळेत तंतोतंत जुळलेले दोन रंग लागतात, ज्यांच्यातला फरक रेणूच्या कंपनाइतका असेल. २८ फेब्रुवारी १९२८ला कलकत्त्यात सापडलेल्या परिणामाचेच हे जोमदार रूप. चरबीचे कंपन २८४५ प्रति सेंटिमीटरला. ७९० नॅनोमीटरला जोडीदार म्हणून १०१९ लागतो. प्रथिनांसाठी २९३०, जोडीदार १०२८. अर्बियमचा निम्मा केलेला आणि यटर्बियमचा असे दोन्ही रंग फायबरमधून मिळतात. मिशिगन विद्यापीठाच्या गटाने अशाच फायबर लेसरवर शस्त्रक्रियागृहात मेंदूच्या गाठीचे न रंगवलेले तुकडे पाहून २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले.

१०० फेम्टोसेकंदांचा स्पंद इथे उलट अडथळा ठरतो. त्याची रुंदी सुमारे १४७ प्रति सेंटिमीटर आणि चरबी-प्रथिनांतले अंतर फक्त ८५. एक-दोन पिकोसेकंदांचे स्पंद घ्या, किंवा दोन्ही स्पंद जाड काचेच्या दांड्यांतून सारखे ताणा. फायबर लेसरचा गोंगाट एसएचजीत जाणवत नाही, पण इथे दहा हजारात एखादा भाग एवढाच बदल मोजायचा असल्याने तो संदेश बुडवतो. लेसरचा गोंगाट वजा करणारा संतुलित शोधक घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

रत्नागिरीहून एक महाविद्यालय : पावसाळा आणि वीज, यांचे काय करावे?

खोली ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २७ अंशांवर येतो. २७च्या खाली गेलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी धरते. त्यामुळे रात्री एसी बंद ठेवून सकाळी दमट खोलीत थंड लेसर लगेच सुरू करणे वाईट. एसी चोवीस तास चालू ठेवा, निदान आधी खोली कोरडी होऊ द्या. ऑब्जेक्टिव्ह ४० ते ४५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात ठेवा, नाहीतर श्रावण संपेपर्यंत भिंगांवर बुरशीची जाळी दिसेल.

विजेसाठी ऑनलाइन यूपीएस हवाच, पण क्रम त्याहून महत्त्वाचा. सुरू करताना आधी ऑसिलेटर (स्पंद तयार करणारा भाग), स्पंद स्थिर आहेत हे फोटोडायोडवर पाहून मग अ‍ॅम्प्लिफायर (ते वाढवणारा भाग). बंद करताना आधी अ‍ॅम्प्लिफायर. ऑसिलेटर आधी गेला तर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ऊर्जा साठत राहते, एखाद्या क्षणी राक्षसी स्पंदाच्या रूपाने बाहेर पडते आणि फायबरचे टोक फुटते. चालू लेसरचा कनेक्टर कधीही उघडू नका. टोकावरचा धुळीचा एक कण तिथे जळून बसतो.

मोबाइलच्या कॅमेऱ्यातून किरण पाहिला तर चष्मा नको ना?

चष्मा लागतोच. १०३० आणि ७८० दोन्ही डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतात, आणि १०३० तर दिसतही नाही. १०३०चा चष्मा ७८०ला उपयोगी नाही, चष्म्याच्या कडेवर छापलेली तरंगलांबी वाचून मगच घाला. किरण शोधायला इन्फ्रारेड कार्ड वापरा, आणि हातातले घड्याळ-अंगठ्या आधी काढून ठेवा.